कंबरदुखीच्या पेशंटला सुई मारण्याआधी : तालुक्यातल्या डॉक्टर मंडळींना खुलं पत्र

तालुक्यातल्या समस्त डॉक्टर मंडळींना,
सरकारी, खासगी, एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, सगळ्यांनाच,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहू की नको, यात आठ महिने गेले. कारण सरळ आहे, तुमच्याच चिठ्ठ्यांवर माझं घर चालतं. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत २१ वर्षांपासून माझी लॅब आहे. तुमच्यातल्या अर्ध्यांना मी चेहऱ्यानं ओळखतो आणि उरलेल्यांना अक्षरावरून. मी डॉक्टर नाही, डीएमएलटी केलेला लॅबवाला. तेव्हा औषध कोणतं द्यावं हे सांगायला बसलेलो नाही. पण रक्त केव्हा घ्यावं यावर चार शब्द बोलायचा हक्क मला आहे असं समजतो, आणि तो माझ्या बापाच्या पाठीनं मला मिळवून दिला आहे.

मागच्या दसऱ्याच्या सुमारास बाबांच्या मानेवर केसतोड झाला. वय ६७, शुगर ११ वर्षांपासून. आईनं हळदीचा लेप लावला, केसतोड फुटला, आठवडाभर वाहिला आणि बसला. कोणाच्या लक्षातही राहिला नाही. दिवाळी झाली, सोयाबीन घरात आलं, कट्टे उचलताना बाबांची कंबर धरली. उसण भरली, असं सगळेच म्हणाले. मीही म्हणालो.

ही उसण मात्र वेगळी होती आणि बाबा ते पहिल्या आठवड्यापासून सांगत होते. "पडलो का जास्त दुखते रे. रातचं त पाठीत कोणी खिळा ठोकून रायलं असं वाटते." कामानं दुखावलेली कंबर आडवं पडल्यावर सुटते. ही पडल्यावर वाढत होती. बाबा रात्री दोन-तीनला उठून ओसरीत खांबाला धरून उभे राहायचे, आणि आई म्हणायची, म्हातारपण आलं.

पुढच्या पाच आठवड्यांत तीन दवाखाने झाले. प्रत्येक ठिकाणी डायक्लोफेनॅक हे दुखणं दाबणारं औषध आणि डेक्सा या स्टिरॉइडची सुई. दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डेक्सानं शुगर ३८० वर गेली. ती मीच माझ्या लॅबमध्ये मोजली आणि बाबांना गोड खाल्लं म्हणून रागावलो. मधे अंगात थोडी कणकण आली तर सेफ्ट्रायाक्झोन या अँटिबायोटिकच्या तीन सुया झाल्या. एक्स-रे काढला, "मणक्यात गॅप कमी झाला" असं सांगितलं गेलं, पट्टा दिला गेला. कोणाचं नाव घेत नाही, घेणारही नाही. तुमच्यापैकी ज्यांना हे वाचून आपला पेशंट आठवेल, त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की या पाच आठवड्यांत मी रोज संध्याकाळी बाबांसोबत जेवत होतो आणि मलाही काही सुचलं नाही.

सहाव्या आठवड्यात एका रविवारी, लॅब बंद असताना, मी त्यांचं रक्त घेतलं. ईएसआर लावला. लाल पेशी तासाभरात किती खाली बसतात ते यात मोजतात; अंगात कुठे इन्फेक्शन किंवा सूज असेल तर आकडा वाढतो. ही चाचणी किती साधी आहे हे तुम्हाला माहीत आहे, तरी सांगतो, कारण तुमच्या चिठ्ठ्यांवरून ती जवळजवळ नाहीशी झाली आहे. रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटमध्ये रक्त घ्यायचं, २०० मिलिमीटरच्या काचेच्या नळीत भरायचं, नळी स्टँडवर अगदी सरळ उभी करायची (जरा तिरपी राहिली तरी आकडा वाढतो) आणि तासभर थांबायचं. लाल पेशी खाली बसतात, वर पिवळसर पाणी उरतं. मी स्टुलावर बसून त्या नळीकडे बघत होतो. अर्ध्या तासातच लाल रेघ साठाच्या खाली गेली होती. तास भरला तेव्हा आकडा ११८ होता. निरोगी म्हाताऱ्या माणसाचा वीस-तीसच्या आसपास असतो. माझ्याकडे या चाचणीचे ८० रुपये पडतात. २१ वर्षांत अशा हजारो नळ्या लावल्या असतील, बापाची लावायला सहावा आठवडा उजाडावा लागला.

सोमवारी एमआरआय. कमरेचा तिसरा आणि चौथा मणका, मधली चकती, तिन्ही धरलेले, बाजूच्या स्नायूत पू. खाली एक ओळ : "इन्फेक्टिव्ह स्पॉन्डिलोडिसायटिस, लाइकली कॉक्स." म्हणजे मणक्याचं आणि चकतीचं इन्फेक्शन, बहुधा कॉक्स. कॉक्स म्हणजे टीबी. त्या 'लाइकली' शब्दावर आमचे पुढचे दोन महिने गेले.

आता थोडं शरीराचं. तुम्ही कॉलेजात शिकलात; मी बाबांच्या उशाशी बसून शिकलो. मोठ्या माणसाच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. जंतू येतो तो रक्तातून, मणक्याच्या काठाशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतो, तिथून चकतीत शिरतो आणि चकती ओलांडून शेजारचा मणका धरतो. तो कुठूनही आलेला असतो : केसतोडातून, लघवीच्या इन्फेक्शनमधून, हृदयाच्या झडपेवरून, सलाईन लावलेल्या जागेतून. पू करणाऱ्या जंतूंत सगळ्यांत जास्त वेळा सापडतो तो स्टॅफिलोकोकस ऑरियस, म्हणजे केसतोडातलाच. म्हाताऱ्या माणसांत लघवीतून येणारा ई. कोलायही असतो. एक्स-रेवर बदल दिसायला आठवडे जातात, हाडातला बराच चुना गेल्याशिवाय ते उमटतच नाहीत. आणि सुरुवातीला दिसतं ते एवढंच, की दोन मणक्यांतली जागा कमी झाली. ती वयानं झिजली की जंतूनं खाल्ली, हे 'गॅप'वरून कसं कळणार?

तापाचंही तसंच. ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही, असं आपण सगळे धरून चालतो. मणक्याच्या इन्फेक्शनमध्ये जवळपास निम्म्या पेशंटला दाखवण्यासारखा ताप नसतोच. वर डायक्लोफेनॅक चालू असेल तर असलेलाही दिसत नाही.

हे पत्र लिहायचं खरं कारण पुढे आहे. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात एमआरआय बघून बाबांना एकेटी, म्हणजे टीबीची चार औषधं, सुरू झाली. पू कुठेही घेतला नाही. ना सुईनं, ना ऑपरेशननं. मी विचारलं तर उत्तर आलं, "आपल्याकडे टीबीच जास्त असतो." हे खोटं नाही. आपल्या देशात मणक्याचा टीबी खरोखरच खूप आहे आणि कुबड आलेली माणसं आपण गावोगाव पाहिली आहेत. पण जास्त असतो म्हणजे यालाही तोच आहे, हा हिशोब मटक्याचा झाला.

आणि गंमत म्हणा की दैव, पहिल्या तीन आठवड्यांत बाबांना बरं वाटायला लागलं. रात्री झोप आली, ईएसआर ११८ वरून ८० वर आला. सगळे म्हणाले, बघा, टीबीच होता. एकेटीमधलं रिफाम्पिसिन स्टॅफिलोकोकसवरही चालतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. चालतं, पण बाकीच्या तीन औषधांचा त्या जंतूवर उपयोग नसल्यानं एकटंच लढतं, आणि एकट्या रिफाम्पिसिनला हा जंतू लवकर सरावतो. सातव्या आठवड्यात दुखणं परतलं. फेब्रुवारीतल्या एका रात्री बाबा म्हणाले, "पाय मायासोबत येऊन नाई रायले." सकाळपर्यंत लघवी अडली होती. १०८ आली, दुपारी ऑपरेशन झालं, मज्जारज्जूच्या नळीत साचलेला पू काढला. तो पू पहिल्यांदा कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, गेला. दोन दिवसांनी रिपोर्ट हातात आला : स्टॅफिलोकोकस ऑरियस. औषधांच्या यादीत रिफाम्पिसिनपुढे 'आर' लिहिलेलं, म्हणजे लागू नाही. बाकी जवळजवळ सगळी साधी, जुनी, स्वस्त औषधं लागू. दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून मी तो कागद तीनदा वाचला. असे कागद मी रोज छापतो.

बाबा आज काठी घेऊन चालतात. डावं पाऊल उचलत नाही, चप्पल घासते. शेत बटईनं दिलं.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. ओपीडीत शंभर माणसं, त्यातली वीस कंबरदुखीची. त्यातल्या बहुतेकांची कंबर खरोखर कामानं दुखते आणि महिनाभरात आपोआप बरी होते. सगळ्यांना एमआरआयला पाठवाल तर लोक दगड मारतील. शिवाय पेशंटच म्हणतो, "सुई नाई मारली त डॉक्टर कायचा?" तेही मी बाकावर बसून ऐकलं आहे. म्हणून मागणं सगळ्यांसाठी नाही. ज्याचं दुखणं रात्री वाढतं, पडून थांबत नाही. ज्याला शुगर आहे, किडनी खराब आहे, दारूनं पोखरलं आहे किंवा स्टिरॉइड चालू आहे. ज्याला गेल्या दोन-तीन महिन्यांत केसतोड, लघवीचं इन्फेक्शन, सलाईन, ऑपरेशन असं काही झालं आहे. ज्याचं वजन उतरतं आहे. किंवा जो दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा त्याच कंबरेसाठी आला आहे. त्याला पालथं झोपवा आणि मणक्यांवर मुठीनं हलकं ठोकून बघा. एका ठिकाणी उडाला, तर चिठ्ठीवर ईएसआर आणि सीआरपी (इन्फेक्शन-सूज दाखवणारी रक्ताचीच दुसरी तपासणी) एवढे दोनच शब्द लिहा. माझ्याकडे नका पाठवू हवं तर, शेजारच्या लॅबला पाठवा. पण पाठवा.

यात एक आपल्याकडची खोच आहे, ती पुण्या-मुंबईच्या पुस्तकी माणसाच्या लक्षात येणार नाही. सिकल सेल या रक्ताच्या पिढीजात आजाराचा पेशंट असेल तर ईएसआरवर विसंबू नका. कोयत्यासारख्या पेशी एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत, त्यामुळे त्या खाली बसतच नाहीत आणि इन्फेक्शन असूनही आकडा कमी येतो. तिथं सीआरपी बघा. विदर्भात सिकलची घरं किती आहेत हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. त्या पोरांची प्रत्येक हाडदुखी 'क्रायसिस', म्हणजे सिकलचाच दुखण्याचा झटका, म्हणून खपते, आणि हाडात साल्मोनेला हा जंतू बसायचा धोका सगळ्यांत जास्त त्यांनाच असतो.

ईएसआर, सीआरपी वाढलेले आले की मग अँटिबायोटिकला हात लावायच्या आधी ब्लड कल्चर. खरं भांडण माझं याच्यासाठी आहे. २०१५ साली अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं मणक्याच्या इन्फेक्शनसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत हेच आहे : दोन संच ब्लड कल्चर, एमआरआय, आणि पेशंट स्थिर असेल, पायांत ताकद असेल, तर जंतूचं नाव कळेपर्यंत अँटिबायोटिक थांबवून ठेवा. रक्तात सापडला नाही तर एमआरआय किंवा सीटीवर जागा हेरून सुईनं नमुना घ्या. पेशंट गळाला असेल, बीपी पडत असेल, पाय लुळे पडत असतील, तर थांबायचं नाही. रक्त घ्या, औषध सुरू करा आणि त्याच तासाला वर पाठवा. लघवी अडलेला कंबरदुखीचा पेशंट सकाळपर्यंत ठेवायचा नसतो. आमचा राहिला, म्हणून सांगतो.

"तीन दिवस सेफ्ट्रायाक्झोन देऊन बघू" हे वाक्य दिसायला निरुपद्रवी आहे. त्या तीन सुयांनी इन्फेक्शन बरं होत नाही, फक्त कल्चरमध्ये जंतू वाढायचा बंद होतो. म्हणजे चोर घरातच, फक्त त्याचे ठसे पुसले. लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिनचं उलट आहे. लघवीच्या जळजळीसाठी ती गोळी आपण पाच-सात दिवस सर्रास देतो, ती टीबीच्या जंतूवरही चालते. मग खरा टीबी असलेला पेशंट काही दिवस बरा वाटतो आणि निदान आणखी पुढे जातं.

नमुन्याबद्दल दोन गोष्टी, माझ्या धंद्यातल्या. ब्लड कल्चरच्या बाटलीत मोठ्या माणसाचं आठ-दहा मिलिलिटर रक्त जायला हवं. आपण दोन मिलिलिटर टाकतो आणि "काही वाढलं नाही" म्हणतो. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही. हे मी लिहितोय कारण एका ठिकाणी ती दह्याच्या गंजाशेजारी ठेवलेली पाहिली आहे. आणि मणक्याचा तुकडा निघाला की तो सगळाच्या सगळा फॉर्मेलिनमध्ये बुडवून पाठवतात. फॉर्मेलिननं जंतू मरतो, मग कल्चर काय कपाळ करणार? अर्धा तुकडा फॉर्मेलिनमध्ये, अर्धा निर्जंतुक सलाईनमध्ये. पू असेल तर त्यातूनच सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही टीबीचा जंतू शोधणारी तपासणी करा, सरकारी कार्यक्रमात ती तपासणी फुकट आहे आणि रिफाम्पिसिन लागू आहे की नाही तेही सांगते. मात्र हाडाच्या टीबीत जंतू थोडेच असतात, म्हणून निगेटिव्ह आलं तरी तेवढ्यावर टीबी नाही असं ठरवू नका. टीबी ठरला तर औषध वर्षभर चालतं. ज्याला घ्यायचं आहे त्याला निदान खरं तरी सांगा.

तिसरा पाहुणा ब्रुसेला, जनावरांतून माणसात येणारा जंतू. तांड्यावरची एक बाई माझ्याकडे येते, शेळ्यांवर घर चालतं. शेळी अडली की हात घालून पिल्लू काढते, झार हातानं उचलते, दूध कच्चं पिते. अशाच माणसांत ब्रुसेला मणक्यात बसतो. तिला कंबरदुखी आणि येऊन-जाऊन ताप होता. मी स्वतःहून ब्रुसेलाची तपासणी करा असं डॉक्टरांना सुचवलं, तर ते हसले. २०१९ पासून केंद्र सरकार गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना याचीच लस देतं आहे. जनावरांच्या डॉक्टरला हा जंतू माहीत आहे, माणसांच्या डॉक्टरला आठवत नाही. त्याची किट माझ्या फ्रिजमध्ये तारीख संपून जाते. ब्रुसेलावरही रिफाम्पिसिन चालतं, टीबीचीच जुनी सुई स्ट्रेप्टोमायसिनही चालते. म्हणजे "एकेटीनं बरं वाटलं" हा टीबीचा पुरावा तिथंही होत नाही. (संशय असेल तर कल्चरच्या चिठ्ठीवर तसं लिहा. या जंतूच्या बाटलीशी खेळताना लॅबवालेच आजारी पडतात.)

नाव कळलं की उपचार त्या मानानं सरळ असतो. बाबांना सेफाझोलिन या अँटिबायोटिकच्या सुया सहा आठवडे चालल्या. पूर्वी तीन महिने देत. २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये फ्रान्समधल्या ३५९ पेशंटांचा अभ्यास आला, त्यात पू करणाऱ्या जंतूंसाठी सहा आठवडे आणि बारा आठवडे यांचा निकाल सारखाच निघाला. २०१९ साली इंग्लंडमधून हाडा-सांध्यांच्या इन्फेक्शनचा हजारावर पेशंटांचा अभ्यास आला. पहिला आठवडा झाल्यावर योग्य गोळ्या दिल्या तरी शिरेतल्या औषधाइतकंच काम होतं, असं दिसलं. आपल्यासाठी याचा अर्थ मोठा आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत दीड महिना शहरात राहणं आपल्या माणसाला परवडत नाही, म्हणून तो मधेच सुट्टी घेऊन येतो आणि औषध तुटतं. जंतूचं नाव हातात असेल, तर कोणती गोळी चालेल हे वरच्या डॉक्टरांना विचारून तुम्ही त्याला इथंच सांभाळू शकता. दर आठवड्याला सीआरपी आणि ईएसआर करा. सीआरपी आधी उतरतो, ईएसआर रेंगाळतो. पेशंट सुधारत असेल तर पुन्हा एमआरआयची घाई नको. चित्र बरं व्हायला माणसापेक्षा जास्त वेळ घेतं आणि उगाच घाबरवतं.

बाबांच्या शेवटच्या तीन आठवड्यांच्या सुया इथंच झाल्या. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. आपल्याच सरकारी दवाखान्यातल्या एका सिस्टरनं ड्युटी संपल्यावर घरी येऊन दिल्या आणि एक रुपया घेतला नाही. त्यांना हे पत्र दाखवलं तेव्हा म्हणाल्या, माझं नाव नका टाकू, लोक उद्यापासून दारात उभे राहतील.

तालुक्याच्या आरोग्य बैठकीत तुम्ही बसता, मी नाही. तिथं ग्रामीण रुग्णालयासाठी ब्लड कल्चरच्या बाटल्या आणि त्या मेडिकल कॉलेजला रोज पोचवायची सोय मागा. ती होईपर्यंत माझी सोय आहे. माझ्याकडे आठ बाटल्या कायम ठेवलेल्या असतात. तुमचा फोन आला की मी किंवा लॅबचा पोरगा दवाखान्यात येऊन दोन्ही हातांतून रक्त घेतो, रात्री अकराला आला तरी. यवतमाळची पहिली गाडी सकाळी निघते, पोरगा डबा मांडीवर घेऊन जातो. बाटल्यांची किंमत पेशंटकडून जमली तर घेईन. रक्त घेईपर्यंत सुई तेवढी थांबवा.

आपला,
बसस्टँडमागचा लॅबवाला